रंग उडालेली गिटार

आयर्लंड देशाच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी २०२४ साली एक गिटार खरीदण्यात आली. लंडन येथील लिलावात तिच्यावर ७ लाख पौंडांची बोली लागली. एवढी किंमत ऐकून कोणालाही वाटेल की, ही गिटार रत्नजडित असली पाहिजे; निदान आरशासारखी लखलखीत तरी असली पाहिजे. प्रत्यक्षात तिच्या अंगावरचा रंग जवळजवळ सगळा उडून गेला आहे. जेथे थोडाफार उरला आहे, तेथे तो नकाशातील लहान लहान बेटांसारखा दिसतो. उघडे पडलेले लाकूड हाताच्या घासण्याने आणि घामाने काळवंडले आहे. तारा ताणण्याच्या सहा खुंट्यांपैकी पाच एका घडणीच्या आहेत आणि सहावी निराळ्याच घडणीची आहे. एखाद्या हुशार रंगाऱ्याने ती चार दिवसांत नवीकोरी करून दिली असती. पण तसे कोणी करू दिले नाही, आणि ते न करू देण्यातच शहाणपण होते. जुनी वस्तू दुरुस्त करणे वेगळे आणि तिला नवी करणे वेगळे. या दोहोंतील सीमारेषा कोठे आहे, हे ओळखणे फार कठीण असते. जुन्या वाद्यांची देखभाल करणाऱ्या कारागिराचे निम्मे कौशल्य ही रेषा ओळखण्यातच खर्ची पडते.

ही गिटार साधी नाही. ती विजेच्या साहाय्याने वाजणारी, म्हणजे इलेक्ट्रिक गिटार आहे. अशा गिटारीचा जन्म अमेरिकेत झाला. तेथील नृत्यगृहांत मोठमोठे वाद्यवृंद वाजत. पितळेच्या तुताऱ्या आणि ढोल यांच्या गजरात गिटारीचा नाजूक आवाज पार बुडून जाई. तो मोठा कसा करावा, या विचारातून १९३१-३२ च्या सुमारास लॉस एंजेलिस शहरी जॉर्ज बोशाँ आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी एक चमत्कारिक वाद्य तयार केले. ते अॅल्युमिनियमचे होते, मांडीवर आडवे ठेवून वाजवावयाचे होते, आणि वाटोळे अंग व लांब दांडा यांमुळे हुबेहूब तव्यासारखे दिसे. लोकांनी त्याचे नावही ‘फ्राइंग पॅन’ असेच ठेवले! पुढे १९४० च्या सुमारास लेस पॉल नावाच्या वादकाने तर लाकडाच्या एका चौकोनी ओंडक्यावरच तारा चढवल्या. त्याचा आवाज उत्तम होता. परंतु श्रोत्यांना ओंडका पाहवेना. तेव्हा त्याने एका जुन्या गिटारीचे दोन अर्धे भाग त्या ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना जोडले आणि लोकांचे समाधान केले.

सतारीला भोपळा असतो. तारेचे कंपन त्या पोकळीत घुमते आणि आवाज मोठा होऊन बाहेर पडतो. इलेक्ट्रिक गिटारीला मात्र पोकळ अंगाची गरज नाही. उलट पोकळी असली, तर ध्वनिवर्धकातून येणारा मोठा आवाज त्या पोकळीला हलवतो, ते हलणे पुन्हा ध्वनिवर्धकात जाते, आणि सभेत ध्वनिक्षेपक कधी कधी जशी कर्कश किंकाळी फोडतो, तशी गिटारही किंचाळू लागते. म्हणून तिचे अंग बहुधा भरीव लाकडाचे करतात. आवाज पकडण्याचे काम तारांखाली बसवलेला एक लहानसा भाग करतो. त्याला पिकअप म्हणतात. त्यात सहा लहान लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या अत्यंत बारीक तारेचे सात-आठ हजार वेढे गुंडाळलेले असतात. ही तार केसाइतकी बारीक, म्हणजे एका मिलिमीटरच्या सुमारे सोळाव्या भागाइतकी जाड असते. वर ताणलेली पोलादी तार छेडली की ती चुंबकाजवळ थरथरते आणि वेटोळ्यात अत्यल्प विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे याने १८३१ साली शोधून काढलेला नियम तो हाच. या गिटारीवर पितळेची तार चढवली, तर ती कितीही जोराने छेडा, पिकअपला ती जवळजवळ ऐकूच येत नाही. कारण पितळ चुंबकाला दाद देत नाही.

अशा भरीव गिटारी मोठ्या प्रमाणावर बनवण्याचे श्रेय लिओ फेंडर याला दिले जाते. कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी १९३८ पासून त्याचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. गंमत अशी की, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे! परंतु बिघडलेल्या वस्तू रोज हाताखालून गेल्यामुळे, वस्तू कशी बनवली असता ती दुरुस्त करणे सोपे जाते, हे त्याला पक्के ठाऊक होते. १९५० साली त्याची पहिली भरीव गिटार बाजारात आली आणि १९५४ साली ‘स्ट्रॅटोकास्टर’ नावाची दुसरी. तोवर गिटारीची दांडी तिच्या अंगाला सरसाने चिकटवून टाकण्याची रीत होती. फेंडरने ती चार स्क्रूंनी जोडली. दांडी वाकली, की चार स्क्रू काढावेत, जुनी टाकून द्यावी आणि नवी बसवावी, असा त्याचा सरळ हिशेब. ज्या वस्तूचा प्रत्येक भाग बिनदिक्कत बदलता यावा म्हणून ती बनवली, तिचाच एकेक स्क्रू आज लोक जपून ठेवतात. फेंडरने १९६५ साली आपला कारखाना विकला. त्यापूर्वीच्या गिटारींना तर विशेष मोल आहे.

आरंभी वर्णन केलेली गिटार याच कारखान्यात १९६१ साली तयार झाली. तेव्हा तिचा रंग फार देखणा होता. मध्ये पिवळा, त्याभोवती तांबूस आणि कडेला काळा, असा मावळत्या सूर्याच्या तेजाची आठवण करून देणारा. आयर्लंडमधील कॉर्क या शहरी एका दुकानात ती विक्रीस आली होती. तिच्या पहिल्या मालकाला म्हणे तांबडी गिटार हवी होती, म्हणून त्याने ही परत दिली. १९६३ साली पंधरा वर्षांच्या रोरी गॅलाघर या मुलाने ती सुमारे शंभर पौंडांना हप्त्यांनी विकत घेतली. सामान्य घरातील मुलाला ही रक्कम थोडी नव्हती. पुढे हा मुलगा जगप्रसिद्ध वादक झाला. परंतु साठीच्या त्या दशकातच ही गिटार एकदा चोरीस गेली. चोराने ती रस्त्याकडेच्या एका चरात फेकून दिली होती. पावसात भिजत पडलेली ती गिटार काही दिवसांनी सापडली. आपण ही कधी विकणार नाही आणि हिला पुन्हा रंगही देणार नाही, असे रोरीने तेव्हापासून ठरवले, असे त्याच्या घरची माणसे सांगतात.

त्याने ते शेवटपर्यंत पाळले. तीस वर्षे तो या गिटारीवर वाजवत राहिला. त्याला घाम फार येई, आणि त्या घामाने रंगाचे पापुद्रे एकेक करून गळून पडले. घामाचा ओलावा मुरून दांडी एकदा एवढी वाकली की, ती उतरवून काही काळ दुसरी बसवावी लागली; पुढे जुनी दांडी सुधारल्यावर ती परत जागेवर आली. बोटांखाली झिजणारे धातूचे पडदे कितीदा तरी बदलले गेले. खुंट्या बदलल्या. म्हणजे रोरी काही वस्तूला हात न लावणारा मनुष्य नव्हता. वाजण्याच्या आड येणारे जे जे होते, ते ते त्याने बिनधास्त बदलले. रंग वाजण्याच्या आड येत नव्हता, म्हणून तो तसाच राहू दिला. रोरी १९९५ साली वारला.

आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द बहुधा देवळांच्या बाबतीत वापरतात. पुष्कळ गावी जुन्या काळ्या दगडाच्या देवळावर जाड तैलरंग फासलेला तुम्ही पाहिला असेल. रंग देणाऱ्यांची श्रद्धा खोटी नसते. पण शेकडो वर्षांपूर्वीच्या पाथरवटाच्या छिन्नीची खूण त्या रंगाखाली गाडली जाते, आणि ती पुन्हा उघडी करणे महाकठीण होऊन बसते. जुन्या गिटारीचेही तसेच आहे.

आता एखादी जुनी गिटार जाणत्या कारागिराकडे आली म्हणजे तो काय करतो ते पाहू. माळ्यावर वीस-पंचवीस वर्षे पडून असलेली, तारा गंजलेली, आवाज न देणारी गिटार डोळ्यांपुढे आणा. कारागीर प्रथम पेचकस हाती घेत नाही. तो चहूबाजूंनी तिची छायाचित्रे काढतो, ओरखडे न्याहाळतो आणि सारे वहीत टिपून ठेवतो. मग तारा हळूहळू सैल करून, चार स्क्रू काढून तो दांडी अलग करतो. दांडीच्या टोकाला, जो भाग नेहमी झाकलेला असतो तेथे, त्या काळच्या कारखान्यातील कामगाराने पुष्कळदा शिसपेन्सिलीने किंवा शिक्क्याने तारीख घातलेली असते. आवाज कमीजास्त करण्याच्या फिरत्या बटणांच्या पाठीवरही आकडे ठोकलेले असतात. समजा, तेथे ३०४६१३२ असा आकडा आहे. यातील ३०४ ही ते बटण बनवणाऱ्या कारखान्याची खूण. ६१ म्हणजे १९६१ साल, आणि ३२ म्हणजे त्या वर्षातील बत्तिसावा आठवडा. म्हणजे ही गिटार त्या ऑगस्ट महिन्यापूर्वी बांधून पुरी झालेली असणे शक्य नाही. हाच भाग आधीच्या कोणी उत्साही माणसाने ‘जुना झाला’ म्हणून फेकून नवा बसवला असता, तर हा पुरावा कायमचा नाहीसा झाला असता.

त्यानंतर धूळ आणि मळ. येथे फार जपावे लागते. त्या काळी गिटारींवर नायट्रोसेल्युलोज नावाचे रोगण देत. नखांना लावावयाचे नेलपॉलिश याच जातीचे असते. आणि ते कशाने निघते हे तुमच्या घरी कोणालाही विचारा. थिनरसारख्या द्रवाचा बोळा फिरवला, तर मळाबरोबर साठ वर्षांचे रोगणही विरघळून हाती येईल. म्हणून मऊ सुती फडके किंचित ओले करून, जागा हळूहळू पुसून, लगेच कोरडी करतात. हे रोगण वयोमानाने पिवळे पडते. पांढऱ्या गिटारी साईच्या रंगाच्या होतात. एकाएकी थंडी-उष्णतेचा फरक झाला, तर त्याला बारीक तडे जातात. १९५८ ते १९६० च्या दरम्यानच्या पुष्कळ गिटारींवरील तांबडा रंग उन्हाने एवढा उडाला की, आता फक्त पिवळा आणि काळाच उरला आहे. यांपैकी काहीही ‘दुरुस्त’ करावयाचे नसते. मळ काढावा, वय काढू नये.

यानंतर आवाजाकडे वळावयाचे. बटण फिरवताच खरखर होत असेल, तर शंभरात नव्वद वेळा ते बिघडलेले नसते. त्यात धूळ गेलेली असते. साफ करणारा द्रव थोडासा सोडून बटण वीस-तीस वेळा मागेपुढे फिरवले की ते पुन्हा कामाला लागते. तारांचा जोड सुटला असेल, तर तेथे नव्याने डाख द्यावा. पण जेथे जुना डाख शाबूत आहे, तेथे त्याला हात लावू नये. पिकअपच मुका झाला असेल, तर प्रकरण नाजूक होते. केसाइतक्या बारीक तारेला कोठेतरी गंज चढून ती तुटलेली असते. तुटलेले टोक बाहेरच्या वेढ्यांत सापडले, तर भिंगाखाली ते जोडता येते. आत खोल असेल, तर सारी तार उलगडून तेवढेच वेढे पुन्हा गुंडाळण्यावाचून गत्यंतर नसते. मग जुने चुंबक आणि जुनी चौकट ठेवून तार तेवढी नवी घ्यावी लागते. कारागीर या निर्णयाला पुष्कळदा दोन दोन दिवस लावतो, आणि ते योग्यच आहे.

जाता जाता एक सूचना केली पाहिजे. गिटारीतला विद्युत्प्रवाह अत्यंत क्षीण असतो; त्याने कोणाला इजा होत नाही. परंतु ज्या यंत्राला ती जोडतात, ते जुने काचेच्या नळ्यांचे ध्वनिवर्धक मात्र भयंकर असते. बटण बंद करून तार भिंतीतून उपसल्यावरही त्यात काही काळ शेकडो व्होल्टचा दाब साठून राहतो. जाणत्या माणसाशिवाय इतरांनी ते कधीही उघडू नये.

दांडीवरचे पडदे हा खरा वादाचा विषय. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात आणि सरकवता येतात. गिटारीचे पडदे लाकडात ठोकून बसवलेले असतात. ते बहुधा जर्मन सिल्व्हरचे असतात. या धातूच्या नावात चांदी आहे, अंगात मुळीच नाही. तांबे, निकेल व जस्त यांचा तो मिश्रधातू आहे. वर्षानुवर्षे तारा दाबल्याने पडद्यांना खाचा पडतात आणि सूर चिरका येतो. खाचा उथळ असतील, तर कानशीने पडदे सारखे करून भागते. खोल असतील, तर बदलावेच लागतात. जुना पडदा उपसताना आधी डाख देण्याच्या हत्याराने तो किंचित तापवतात, म्हणजे दांडीच्या लाकडाचे कपचे उडत नाहीत. काही संग्राहक म्हणतात, पडदेही मूळचेच हवेत. वाद्य न वाजले तरी चालेल. काही वादक म्हणतात, वाजत नाही ते वाद्य कसले? माझा स्वतःचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. कारण पडदे, तारा आणि चाकाचा टायर या वस्तू झिजण्यासाठीच जन्माला येतात. तथापि, उपसलेले जुने पडदे फेकून देऊ नयेत. समंजस कारागीर काढलेला प्रत्येक भाग, अगदी गंजका स्क्रूसुद्धा, एका पाकिटात घालतो, त्यावर तारीख लिहितो आणि ते गिटारीच्या पेटीत ठेवतो. आपण केलेले काम पुढच्या माणसाला उलटवावेसे वाटले, तर त्याला ते करता यावे, हा त्यातील हेतू.

दुरुस्त झालेली गिटार कशी ठेवावी, हेही थोडक्यात सांगतो. लाकूड हवेतील ओलावा शोषते आणि सोडते. त्याबरोबर ते फुगते आणि आकसते. हवेची सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी, असे साधारणतः मानतात. अमेरिकेत आणि युरोपात हिवाळ्यात घरे तापवतात, तेव्हा हवा कोरडी पडते आणि लाकूड तडकते. आपल्या मुंबईत, कोकणात व गोव्यात नेमके उलटे, पावसाळ्यात दांडी फुगते आणि तारा गंजतात. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व गोव्याच्या नृत्यवृंदांत इलेक्ट्रिक गिटार पुष्कळ वर्षांपासून वाजत आली आहे. त्यामुळे आपल्याकडील वादकांना हा त्रास चांगला परिचयाचा आहे. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या पेटीत ठेवल्याने बराच उपयोग होतो. दांडीच्या पोटात एक पोलादी सळई असते. ती किंचित आवळून वा सैल करून दांडीचा बाक सुधारता येतो. पण एका वेळी पाव फेराच फिरवावा आणि लाकडाला स्थिर होण्यास अवधी द्यावा. घाई केल्यास दांडी उभी चिरते. रबराच्या टेकूवर जुनी गिटार ठेवू नये. रबराच्या संगतीने ते रोगण पाघळते. काही गिटारींवर सेल्युलॉइडची पट्टी असते. ती आकसून स्क्रूंभोवती तडकते, आणि फार जुनी झाली की तिच्यातून निघणाऱ्या आम्ल वाफांनी शेजारचा धातूही गंजतो. अशी पट्टी ताण देऊन पुन्हा जागेवर बसवण्यापेक्षा वेगळ्या पाकिटात, हवा लागेल अशी ठेवणे बरे.

आजकाल एक विचित्र प्रकार पाहावयास मिळतो. काही कारखाने नव्याकोऱ्या गिटारींचा रंग मुद्दाम खरवडून, धातूवर कृत्रिम गंज चढवून, त्या जुन्या दिसतील अशा बनवतात आणि जास्त किमतीला विकतात. रोरीच्या गिटारीच्या अशा नकलाही निघाल्या आहेत. रंगाचे प्रत्येक बेट जागच्या जागी! त्या चांगल्या वाजतात, यात शंका नाही. पण ज्या ओरखड्यामागे चोरी नाही, पाऊस नाही आणि तीस वर्षांचा घामही नाही, त्याला ओरखडा म्हणावे की नक्षी, हे तुम्हीच ठरवा.

मूळच्या गिटारीपुढे आता वेगळेच प्रश्न आहेत. तिला घाम लागणार नाही, पाऊस लागणार नाही. पण उरलेले रंगाचे पापुद्रे सैल झाले आहेत का, काचेआडचा प्रकाश किती मंद ठेवावा, तारा ताणलेल्या ठेवाव्यात की सैल, ती कधी कोणाच्या हाती वाजवावयास द्यावी की मुळीच देऊ नये, या सर्वांचा विचार संग्रहालयाच्या माणसांना करावा लागेल. एवढे मात्र खरे की, ती निराळ्या घडणीची सहावी खुंटी काढून तेथे जोडीची खुंटी बसवण्याचा विचार त्यांच्यापैकी कोणीही करणार नाही.